अठ्ठावन्नचं निशाण

डनफर्ड, १९ ऑगस्ट

जोसी,

पाकिटावरचं नाव वाचून तुझी भुवई वर गेली असेल. गेली असेल तर खाली आण आणि वाच. मी लॉरेटा, तुझी बहीण. आई गेल्यापासून आपण एकमेकींना एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून ओळख करून देते. आपल्या दोघींत जिचं नाक मोठं, ती मी.

कामापुरतंच लिहिते. बडी हेन्स गेला, जुलैत. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता, तसाच बसल्या जागी गेला. तुला तो आठवत असेल. शाळेच्या बँडमधला ट्युबा त्याच्याकडे होता आणि त्या पितळेच्या मागे तो कुणाला धड दिसायचा नाही. पण त्याचं जाणं कळवायला हे पत्र नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सकाळी आपल्या वर्गाच्या निशाणाची डावी काठी तो धरायचा आणि उजवी मी. आता डाव्या काठीला माणूस नाही.

तू त्या मिरवणुकीत एकदाही चालली नाहीस, तेव्हा विसरली असशील. शाळेचा प्रत्येक जुना वर्ग आपल्या पास झालेल्या सालाचं निशाण घेऊन टाउन हॉलपासून मैदानापर्यंत चालत येतो, सगळ्यांत म्हातारा वर्ग सगळ्यांत पुढे. मग शेजारच्या हॉल्बी गावाविरुद्ध फुटबॉलचा सामना. निशाणाला काठ्या दोन, म्हणून माणसं दोन, आणि ती त्याच वर्गातली. लेक, नातू, शेजारी चालत नाही. ज्या वर्षी दोन माणसं मिळत नाहीत त्या वर्षी ते निशाण जिमच्या छताला टांगतात, आणि टांगलेलं पुन्हा कधी खाली उतरत नाही. छप्पनचं टांगलं, सत्तावन्नचं टांगलं. गेल्या वर्षी सगळ्यांत पुढे आम्ही अठ्ठावन्नवाले होतो, बडी आणि मी. आमच्या पुढे फक्त बँड.

मी सगळ्यांना फोन करून पाहिले. एलिनॉरला आता उभं राहवत नाही. डॉनल्ड फ्लोरिडात आहे. म्हणतो, "लॉरेटा, त्या थंडीत यायचं झालं तर मी पेटीतूनच येईन." बाकीचे पेटीत गेलेलेच आहेत. उरलीस तू.

सध्या रोज संध्याकाळी बँडचा सराव चालतो. मी अजून आपल्याच घरात राहते, मैदानामागच्या. तळ्यावरचं धुकं कुंपणापर्यंत येतं आणि पोरं त्यात दिसेनाशी होतात. आधी ढोल ऐकू येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग एखादीच तुतारी चुकीचा सूर लावते आणि लाजून गप्प होते. मी मागच्या पायरीवर बसून ऐकते. अशा वेळी वर्ष कोणतं चाललंय ते माझ्या ध्यानात राहत नाही. आतून आई हाक मारेल आणि तू माझ्याआधी उठून जाशील, असं वाटत राहतं.

येणार की नाही, एका ओळीत कळव.

लॉरेटा


डनफर्ड, १५ सप्टेंबर

जोसी,

मी एक ओळ मागितली होती, महाकाव्य नव्हे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आपल्या घराण्याला पाहूनच कुणीतरी म्हटलं असणार.

तू गप्प का आहेस ते मला न सांगता कळतं. "मी तुमच्या वर्गाची होतेच कधी?" असं तू त्या डुलूथच्या स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणत असशील. तर ऐक, होतीस. मी जानेवारीतली, तू त्याच वर्षीच्या डिसेंबरातली, म्हणून पहिलीपासून एका बाकावर. लोक आपल्याला जुळ्या म्हणायचे आणि तुला त्याचा राग यायचा, कारण तुझं नाक चांगलं होतं. शेवटच्या वर्षी निशाण शिवायचं काम तुझ्याकडेच आलं. तुझ्यासारखा टाका अख्ख्या डनफर्डमध्ये कुणाचा नव्हता. निळ्या कापडावर शाळेचं नाव तू शिवलंस, त्यातलं एक अक्षर अजून उसवलेलं नाही. खालचं '५८' तेवढं राहिलं होतं.

मग मार्चमध्ये तू त्या हॅल ब्रिग्जबरोबर राज्याची हद्द ओलांडून लग्न करून आलीस. आणि सोमवारी बोटात अंगठी घालून गणिताच्या तासाला येऊन बसलीस, जणू काही शनिवार-रविवारी केस कापून आली होतीस. तुझी ही गोष्ट मला तेव्हाही आवडली होती, पण मी बोलले नाही. मुख्याध्यापकांनी जेवणाच्या सुट्टीच्या आत तुला घरी पाठवलं. लग्न झालेली मुलगी शाळेत बसत नाही म्हणे. हॅलला त्याच्या हॉल्बीच्या शाळेत कुणी हूं की चूं केलं नाही. त्याने जूनमध्ये पास होऊन सगळ्यांबरोबर टोपी उडवली. आणि आपल्या निशाणावरचं '५८' शेवटी मी शिवलं. माझा आठ बघून पोरं अजून विचारतात, "मिस दिनार्दो, हा भोपळा कशाला?"

पपांना राग लग्नाचा आला होता की हॉल्बीचा, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा हॉल्बीचाच. एखाद्या दरोडेखोराशी केलं असतंस तर त्यांनी निदान जेवायला बोलावलं असतं.

नंतरची ती चार-पाच वर्षं तुला आठवतात का? सामन्याच्या मध्यंतरात दोन्ही गावची माणसं मैदान ओलांडून एकमेकांना भेटतात, हातात गरम सायडर, गळ्यात गळे. पलीकडच्या बाकांवर तू आणि हॅल, अंजिरी कोट घालून. इकडे आम्ही निळ्यात. मी तुला बघायचे आणि तू मला. मधे पपा ताठ बसलेले. मैदान काही एवढं मोठं नाही, जोसी. मग एका वर्षी तू समोर नव्हतीसच. हॅलला डुलूथला नोकरी लागली, हे मला वाण्याच्या दुकानात कळलं.

सकाळी घंटा व्हायच्या आधी शाळा आम्हा म्हाताऱ्यांना आत चालू देते. बाहेर पाय घसरतो म्हणून. आयुष्यभर मी तिथेच भूगोल शिकवला, त्यामुळे ते कॉरिडॉर मला झोपेतही चालता येतात, आणि हल्ली मी झोपेत चालते की जागेपणी, हे कधी कधी सांगता येत नाही. खिडक्यांतून उजेड यायचा असतो, फरशी पाण्यासारखी दिसते, कपाटांची दारं कुणीतरी आतून हलकेच लावल्यासारखी वाजतात. परवा शिवणाच्या वर्गापाशी आले. आता तिथे कॉम्प्युटर आहेत. दारात तू पाठमोरी उभी, दातांत दोरा धरलेला. मी हाक मारली नाही. उभी राहिले, तू दोरा तोडेपर्यंत. मग पहिली घंटा झाली आणि जिन्यावरून पोरांचा लोंढा आला.

आता अडचण सांगते. अडचणीचं नाव प्रिसिला थॉर्प. एकाहत्तरचा वर्ग, माजी विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, नाकावर माशी बसू देत नाही. मी तुझं नाव दिलं तर म्हणाली,

"जोसेफिन? ती पास कुठे झाली? ती वर्गात धरता येत नाही, लॉरेटा."

"अगं, ते निशाण तिने शिवलंय."

"शिंप्याने कोट शिवला म्हणून तो नवरदेव होतो का?"

यावर तुला उत्तर सुचलं असतं. मी हा विषय मंडळाच्या बैठकीत नेणार आहे. तू येशील न येशील, पण आधी तुला वर्गात घेते, मग भांडू.

लॉरेटा


डनफर्ड, ६ ऑक्टोबर

जोसी,

बसून वाच.

काल लायब्ररीत बैठक झाली. मंडळाची सगळी निळे मफलर घालून आलेली, आणि विद्यार्थ्यांकडून त्यांची प्रमुख, थाइस. आईवडील ब्राझीलचे, पोरगी इथली, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. प्रिसिलाने उभं राहून मिरवणुकीचा नियम म्हटला. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, दर वर्षी शाळेतलं सगळ्यांत लहान पोर पायरीवर उभं राहून तो मोठ्याने म्हणतं, आणि आपण सगळे तो पोटातूनच शिकून येतो. "वर्गातले दोघे. स्वतःच्या पायांनी. काठ्या हातात. सामना सुरू व्हायच्या आत."

"वर्गातले म्हणजे पास झालेले," प्रिसिला म्हणाली. "माझ्या मनात जोसेफिनबद्दल काही नाही. पण एकदा सैल सोडलं की उद्या कुणीही काठी धरेल."

मी बरंच पाठ करून गेले होते. उभी राहिले आणि सगळं विसरले. फक्त एवढं म्हणाले, "ती पहिलीपासून माझ्या शेजारी बसली होती. मार्चपर्यंत. मला दुसरं काही माहीत नाही."

मग थाइसने हात वर केला. "एक विचारू? त्यांना काढलं कशासाठी?"

"लग्न केलं म्हणून," मी म्हटलं.

"आणि नवऱ्याला?"

"नवरा हॉल्बीचा होता."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग काढायलाच हवं होतं!" आणि सगळे खो खो हसले. प्रिसिलासुद्धा. मीसुद्धा हसले, रागावू नकोस. थाइस मात्र हसली नाही. ती म्हणाली, "रसायनाच्या तासाला माझ्या शेजारी कमिला बसते. तिचं बाळ खाली शाळेच्या पाळणाघरात असतं. मधल्या सुट्टीत आम्ही पाळीपाळीने त्याला घेतो. पुढे कधी कुणी म्हणालं की कमिला आमच्या वर्गातली नव्हती, तर आमच्या निशाणाची काठी मी धरणार नाही. टांगा खुशाल."

एवढंच बोलून ती खाली बसली. मग हात वर जायला लागले. आधी मागचे, मग बाजूचे, मग सगळेच. प्रिसिलाचा गेला नाही, पण तिने ठराव स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून घेतला: जोसेफिन दिनार्दो ब्रिग्ज, वर्ग अठ्ठावन्न.

तू आता आमच्यातली आहेस. सहासष्ट वर्षांनी, पण आहेस. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि किल्ली सापडेना म्हणून रडले. किल्ली हातातच होती.

रस्त्याकडेचे मेपल सगळे पेटलेत. घरी येताना वारा सुटला आणि पानं गाडीच्या काचेवरून अशी हळू हळू वाहत गेली की मला वाटलं मी पाण्याखालून गाडी चालवतेय. शाळेसमोरून जाताना हॉर्न वाजवायचा, ही आपली जुनी पद्धत. वाजवला. दोनदा, एक तुझ्यासाठी.

आता तुझ्याकडे सबब उरलेली नाही. ये.

लॉरेटा


डनफर्ड, २७ ऑक्टोबर

जोसी,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर बदललेलं नाही. मी ते उभ्यानेच वाचायला लागले आणि दुसऱ्या पानावर खुर्ची ओढून घेतली.

आधी फुलांचं. आईच्या अंत्यविधीला तू आली नाहीस आणि चर्चमध्ये तुझं ते फुलांचं चक्र आलं. गडद अंजिरी. हॉल्बीचा रंग, जोसी! डनफर्डच्या चर्चमध्ये, आईच्या पेटीपाशी! लोकांच्या माना वळल्या. सॅलकाका म्हणाला, "ही पोरगी मेलेल्या माणसालासुद्धा स्कोअर दाखवणार." तेव्हापासून मी तुझं नाव घेणं सोडलं. घरात तो रंग येऊ दिला नाही. बीटसुद्धा शिजवलं नाही.

आणि आता तू लिहितेस की आईनेच तुला सांगितलं होतं. "माझ्या लग्नातल्या गुच्छासारखी फुलं आण," म्हणून. मी लगेच भिंतीवरचा तिच्या लग्नाचा फोटो काढून खिडकीत नेला. जन्मभर बघतेय तो फोटो. काळापांढरा! हातातली फुलं गडद आहेत एवढंच दिसतं. त्यांचा रंग कोणता ते मी तिला कधी विचारलंच नाही. तू विचारलंस.

पण खरा टोला पुढे होता. दर रविवारी आई तुझ्याशी फोनवर बोलायची म्हणे. वर्षानुवर्षं. मी आणि पपा चर्चला जायचो आणि ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, माझे गुडघे दुखतात." गुडघे! मी तिच्या गुडघ्यांसाठी मेणबत्त्या लावल्या आहेत, जोसी. एका आयुष्यात एवढ्या मेणबत्त्या कुणी कुणाच्या गुडघ्यांसाठी लावल्या नसतील. आधी मला इतका राग आला की मी तिच्या फोटोशी भांडले. मग हसू आलं, आणि ते थांबेना. आम्ही घरी यायचो तेव्हा ती नेहमी ओट्यापाशी असायची, गाणं गुणगुणत, गाल लाल झालेले. मला वाटायचं, सॉसच्या वाफेने.

तू अंत्यविधीला यायला निघाली होतीस आणि पपांच्या एका वाक्यावर विमानतळावरून परत फिरलीस, हेही मला आजच कळलं. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "तिला वेळ नाही." पपा गेले, आता त्यांच्याशी काय भांडू. पण त्यांच्या थडग्यावर यंदा मी फुलं ठेवेन ती अंजिरी ठेवेन, आणि त्यांना कळेल कोणी ठेवली.

बडी तुझा कोण होता, असं तू विचारलंस. एवढ्या लांबून बरोबर तिथेच बोट ठेवलंस. कोणी नव्हता. दर थँक्सगिव्हिंगला सामना संपला की माझ्याकडे जेवायला यायचा. टर्कीआधी लझान्या, आपल्या इटालियन घरच्या पद्धतीने, आणि तो दर वर्षी म्हणायचा, "टर्कीला हे आवडणार नाही हं, लॉरेटा." मग भांडी पुसून द्यायचा. दोनदा त्याने मला लग्नाचं विचारलं. पहिल्यांदा मी पपांचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा पपा नव्हते, तेव्हा मी दुसरं शोधून काढलं. तो एक काठी धरायचा, मी एक काठी धरायचे, मधे ते निळं कापड वाऱ्यावर फुगायचं. वर्षातला तेवढा अर्धा तास आम्ही एकत्र चालायचो, आणि मला वाटायचं, पुरे आहे. पुरे नव्हतं. मला त्याची फार आठवण येते. संध्याकाळी बँड सुरू झाला की मी अजून ट्युबाच शोधत बसते.

आणि शेवटच्या पानावर, अगदी तळाला, खरेदीच्या यादीत मीठ लिहावं तसं तू लिहिलंस की नाकाला ऑक्सिजनची नळी आहे आणि डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड गेली नाही. मी ऑगस्टपासून तुला टोमणे मारतेय आणि तू तिकडे श्वास मोजतेयस.

तेव्हा आता ये म्हणत नाही. येऊ नकोस, हे तुला बजावून सांगते. निशाण मी प्रिसिलाला देऊन टाकते. टांगू देत. तुझं नाव वर्गात आलं, तेवढं खूप झालं.

नीट राहा. नळी काढून सिगारेट ओढत नाहीस ना? तुझा भरवसा नाही.

तुझी लॉरेटा


डुलूथ, २८ नोव्हेंबर, सकाळी

जोसी,

हे पत्र टपालातून आलेलं नाही. तुझी लेक जिनी ते तुझ्या हातात देईल. मी ते तिच्याच गाडीत बसून लिहितेय, तुझ्या घरासमोर. खिडकीत तू दोनदा येऊन गेलीस. पांढरे केस तुला शोभतात. पोरीला ओरडू नकोस, मी तिला फोन करून शपथ घातली होती. गोड आहे ती. हॅलवर गेली आहे, पण त्यात तिचा काय दोष.

झालं काय ते सांगते. निशाण द्यायला मी जिममध्ये गेले. शिडी लावलेली होती. वर छताला सगळी जुनी निशाणं, वारा नसूनही जराशी हलत होती, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी. प्रिसिलाने आपलं निशाण हातात घेतलं, तुझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून तशीच उभी राहिली.

"लॉरेटा, नियम म्हण."

"आता कशाला?"

"म्हण तर."

मी म्हटला. वर्गातले दोघे. स्वतःच्या पायांनी. काठ्या हातात. सामना सुरू व्हायच्या आत.

"यात रस्ता कुठे आहे?"

"कसला रस्ता?"

"टाउन हॉल ते मैदान. आहे का यात? नाही." ती खाली उतरली. "मी इतकी वर्षं हा नियम पाळतेय. जे नियमात नाही ते लोकांवर लादायला मी काही मुख्याध्यापक नाही." मग तिने निशाणाची चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातावर ठेवली. "फोटो पाठव. दोघींचे पाय दिसले पाहिजेत. मी तपासणार आहे."

मी तिला मिठी मारली. तिला ते मुळीच आवडलं नाही.

तर मी आले. काठ्या विमानात घेऊ देईनात, म्हणून जिनीने बर्फ सारायच्या दोन फावड्यांचे दांडे काढलेत आणि काल तिच्या घरी आम्ही निशाण त्यांवर ओवलं. आजूबाजूला सगळं पांढरं आहे. तुझ्या त्या सरोवरावरून वाफ उठतेय आणि रस्ता कुठे संपतो ते दिसत नाही. मला हे गाव अनोळखी वाटायला हवं होतं, पण वाटत नाही. हे मी बरेचदा पाहिलंय, सकाळच्या वेळी, शाळेत चालताना.

तिकडे आता मिरवणूक टाउन हॉलपाशी जमत असेल. थाइस फोन करणार आहे. ती बँडच्या मागोमाग फोन हातात धरून चालेल, म्हणजे ढोल आपल्याला इथे ऐकू येईल. यंदा सगळ्यांत पुढे एकोणसाठचा वर्ग असेल. पण थाइस सांगत होती, त्यांनी ठरवलंय की बँडच्या मागे आधी दोन माणसांची जागा मोकळी सोडायची आणि मग चालायचं. ही पद्धत पूर्वी नव्हती. आता असेल.

आपल्याला तुझ्या दारापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचंय. जिनी म्हणते, तेवढं तू रोज चालतेस. मधे थांबायचं असेल तर थांबू. मलाही धाप लागते, मी फक्त सांगत नाही.

आता खरं बोलते, समोर आले की जमणार नाही म्हणून लिहून ठेवते. निशाण टांगलं असतं तर मला दोन दिवस वाईट वाटलं असतं, जास्त नाही. कापडच आहे, आणि माझा आठ तर तसाही वाईटच आहे. बडी गेल्यावर मी एकटीच उरले. आपण लहान असताना काय खायचो, आई कोणतं गाणं गुणगुणायची, तुझं नाक कसं होतं, हे खरं की मी स्वप्नात बघितलं, असं विचारायला जगात दुसरं कुणी राहिलं नाही. मला माझी बहीण हवी होती. तुला नुसतं 'ये' म्हणायची माझी जीभ रेटेना, म्हणून मी काठी पुढे केली. उरलेली सगळी पत्रं म्हणजे हे एवढंच आहे.

वाचून झालं असेल तर नाक पूस, बूट घाल, आणि ती चाकांवरची ऑक्सिजनची टाकी बरोबर घे. रडायचं ते फोटो काढून झाल्यावर. प्रिसिला बघणार आहे.

मी दाराबाहेर उभी आहे.

लॉरेटा